जांबोटीच्या रस्त्यावर सांबर आडवे आले तर

खानापूर तालुक्यात राहणाऱ्याला किंवा बेळगावहून गोव्याला ये-जा करणाऱ्याला रानातून गाडी नेणे टाळता येत नाही. जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाचा रस्ता असो, खानापूरहून हेमाडग्याला जाणारा रस्ता असो, की लोंढा, रामनगर, अनमोड असा जाणारा 748 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग असो, बरेच अंतर दोन्ही बाजूंना झाडीच असते. 2011 साली घोषित झालेले सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे, आणि दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल पसरले आहे. दिवसभर दाट सावलीत बसलेले जनावर संध्याकाळी ओढ्याकडे, गवताकडे आणि आपल्या भातशेतीकडे निघते, तेव्हा अभयारण्याची हद्द कुठे संपली हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या शेकडो वर्षांच्या पायवाटेला आपला डांबरी रस्ता मध्येच छेदून गेलेला असतो. म्हणून या रस्त्यांवर गाडी कशी चालवावी, धडक बसलीच तर काय करावे आणि मेलेल्या जनावराच्या मांसाचे काय, हे तिन्ही प्रश्न मी इथे एकत्र घेतले आहेत.

जनावर दिसण्याआधी

वेळ ओळखणे हे पहिले काम आहे. सांबर प्रामुख्याने रात्री आणि तिन्हीसांजेला हिंडते, भेकर पहाटे आणि संध्याकाळी अधिक दिसते, चितळांचे कळप सकाळी व दुपार कलल्यावर चरायला उघड्यावर येतात. सूर्य मावळल्यापासूनचे दोन तास आणि उजाडण्यापूर्वीचा एक तास हा काळ मी सर्वांत जोखमीचा मानतो, कारण त्याच वेळी बेळगावहून घरी परतणाऱ्यांची आणि पहाटे गोव्याकडे निघणाऱ्यांची गर्दी असते. बंडीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 या वेळेत वाहतूक बंद ठेवली जाते, आणि त्यामागे गाड्यांखाली मरणारी जनावरे हेच कारण होते. आपल्या रस्त्यांवर असा नियम कोणी लादण्याची वाट न पाहता, ज्याला शक्य असेल त्याने रात्रीचा प्रवास स्वतःहून टाळावा.

ऋतूप्रमाणे जागा बदलतात. वळवाच्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला सर्वांआधी कोवळे गवत फुटते आणि जनावरे तिथे थांबून चरतात. एप्रिल-मे महिन्यांत वरचे झरे आटले की ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि पुलांजवळ त्यांची ये-जा वाढते. सुगीच्या दिवसांत भाताच्या खाचरांलगतचा रस्ता, आणि खाली उतरल्यावर उसाच्या फडांलगतचा रस्ता, हीच ठिकाणे धोक्याची होतात. रोजच्या रस्त्यावर असणाऱ्या माणसाने आपल्या गावच्या गुराख्यांना आणि गवळीवाड्यातल्या लोकांना एकदा विचारावे. जनावर नेमके कुठून उतरते आणि कुठे चढते हे ते मोरीच्या नावासकट सांगतात. वन खात्याच्या फलकापेक्षा ही माहिती मला अनेकदा जास्त उपयोगी पडली आहे.

आता वेगाचा हिशेब. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. डोळ्यांना जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात 25 मीटर संपतात, आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी 20 मीटर लागतात. म्हणजे एकूण 45. ओल्या रस्त्यावर हेच अंतर 60 मीटरपर्यंत जाते. डिपरवर असलेल्या दिव्यांत काळोख्या रस्त्यावरचे जनावर साधारण 40 ते 50 मीटरवर ओळखू येते. याचा सरळ अर्थ असा की पावसाळी रात्री 60 च्या वेगाने जाणारा चालक सांबर दिसल्यावर थांबूच शकत नाही, मग तो कितीही कसलेला असो. ताशी 40 च्या वेगाने कोरड्या रस्त्यावर 26 मीटर पुरतात. जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंत 40 चा वेग ठेवल्याने घरी पोहोचायला थोडा उशीर होतो, परंतु या साऱ्या लेखात याहून महत्त्वाची दुसरी सूचना नाही.

समोरून गाडी येत नसेल तेव्हा दिवे अप्परवर ठेवावेत आणि नजर फक्त डांबरावर न ठेवता दोन्ही बाजूंच्या गवतावरही फिरवावी. हरणांच्या डोळ्यांत मागच्या बाजूस प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे त्यांचे डोळे दिव्यांत चमकतात. गुडघ्याच्या उंचीवर चमक दिसली तर भेकर असू शकते, छातीच्या उंचीवर दिसली तर सांबर. गव्याच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे लागते, कारण त्याचे काळे अंग अंधारात मिसळून जाते आणि कधीकधी पायांचा पांढरा भागच आधी दिसतो. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ एक टनापर्यंत भरतो, आणि त्याच्यावर आदळणारी मोटार भिंतीवर आदळल्यासारखीच चेपते. चोर्ल्याच्या धुक्यात अप्परचा प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून तिथे डिपरच ठेवावा आणि वेग आणखी उतरवावा.

एक जनावर रस्ता ओलांडून गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला, असे कधीही समजू नये. चितळे कळपाने असतात, आणि सांबराच्या मादीमागे तिचे पाडस चार पावले मागून येत असते. मागचे जनावर पुढच्याकडे पाहते, गाडीकडे नाही. म्हणून पहिले गेल्यावर थांबून, मनात वीसपर्यंत आकडे मोजून मगच गाडी पुढे काढावी. जनावर रस्त्यातच खिळून उभे राहिले, तर त्याचे डोळे आपल्या दिव्यांनी दिपलेले असतात. अशा वेळी दिवे डिपरवर आणावेत, थांबावे आणि हॉर्न एक-दोनदा थोडक्यात वाजवावा. गाडीच्या पुढच्या बाजूला लावायच्या शिट्ट्या बाजारात मिळतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून वेग वाढवू नये.

धडक टळणार नाही असे दिसले, तर स्टीअरिंग सरळ धरून ब्रेक पूर्ण दाबावा. जनावर चुकवण्यासाठी एकदम गाडी वळवण्याची ऊर्मी कितीही स्वाभाविक असली तरी ती आवरावी, कारण या रस्त्यांना एका बाजूला दरी किंवा चर आणि दुसऱ्या बाजूला झाड असते, आणि वळणाआडून समोरची बस कधी येईल हे सांगता येत नाही. दुचाकीवाल्याने दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत आणि गाडी आडवी होऊ देऊ नये. वीस-पंचवीस किलोचे भेकरसुद्धा दुचाकीस्वाराला उडवून देण्यास पुरेसे असते. शेजारच्या गावी जायचे आहे म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्या तरुणांना मी हे हात जोडून सांगतो.

धडक बसल्यावर

प्रथम माणसे. गाडी कडेला घेऊन चारही इंडिकेटर चालू करावेत, मागे थोड्या अंतरावर दिसेल अशी खूण ठेवावी, कोणाला लागले असेल तर 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस बोलवावेत. त्यानंतर वन खात्याला 1926 या क्रमांकावर कळवावे. घाटात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घ्यावा आणि रेंज मिळेल तिथून किंवा पुढच्या वनखात्याच्या नाक्यावर जाऊन खबर द्यावी.

जनावर जिवंत असेल तर त्याच्याजवळ जाऊ नये. घायाळ सांबर अचानक उठून लाथा आणि शिंगे चालवते, आणि त्याच्या खुरांचा तडाखा माणसाचे हाड मोडू शकतो. दुसरे कारण जनावराच्याच भल्याचे आहे: हरणांच्या जातीला माणसाच्या स्पर्शाची आणि गोंगाटाची इतकी धास्ती बसते की जखम बेताची असूनही पकडण्याच्या धडपडीत स्नायू व हृदय निकामी होऊन ते दगावते. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दिवे त्याच्यावर रोखू नयेत, आजूबाजूला जमणाऱ्यांना लांब आणि शांत ठेवावे, मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना विनवून मागे सारावे. पशुवैद्य आणि वनकर्मचारी येईपर्यंतचा तो तास फार लांब वाटतो. मी एकदा जांबोटीच्या अलीकडे भेकराजवळ असा थांबलो होतो. त्याची छाती वरखाली होत होती, आणि शांतता राखण्यापलीकडे आपण काहीच करू शकत नाही हे सोसणे कठीण गेले. तरीही तेच करणे योग्य होते असे मला आजही वाटते.

गाडीच्या विम्याविषयी थोडक्यात: केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही, सर्वंकष विमा लागतो. जागेवरची छायाचित्रे, पोलीस किंवा वन खात्याच्या पंचनाम्याची प्रत आणि विमा कंपनीला त्वरित दिलेली सूचना, एवढे हाताशी ठेवावे.

मांसाचा प्रश्न

त्या रात्री भेकराने मान टाकली आणि काही मिनिटांतच दोघेजण कोयता व पोते घेऊन आले. त्यांचे म्हणणे साधे होते: मेलेच आहे, कुजून जाण्यापेक्षा चार घरी वाटा जाईल. आपल्या भागात हे म्हणणे पुष्कळांना पटते, कारण शिमग्याच्या दिवसांतला हाकारा, शिकार झाल्यावर घरटी पडणारा वाटा आणि बंदूकवाल्याचा मान या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते, आणि त्या काळी शिकारीचे परवाने मिळत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपवले. सांबर, चितळ, भेकर, चौसिंगा, पिसोरी यांपैकी कशाचीही शिकार आज करता येत नाही. परदेशात परवान्याने शिकार करणाऱ्यांची किंवा न्यूझीलंडमधल्या हरणांच्या शेतांची चित्रफीत पाहून इथे कोणी गैरसमज करून घेऊ नये.

अपघाताने मेलेल्या जनावरालाही हाच कायदा लागू होतो. कलम 39 प्रमाणे मेलेले सापडलेले किंवा चुकून मारले गेलेले वन्य जनावर आणि त्याचे मांस ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते, आणि ती कोणाच्या ताब्यात आली तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. अभयारण्याच्या हद्दीत किंवा पहिल्या अनुसूचीतील जनावराची शिकार झाल्यास किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. औषध म्हणून उगाळायला साबरशिंग हवे असे सांगून शिंग कापून नेणारेही असतात. तेही नेऊ देऊ नये. जो खबर देऊन जागेवर थांबतो त्याचा अपघात हा अपघातच राहतो, आणि जो मांस पोत्यात भरून निघतो त्याच्याकडे लोक आणि अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतात.

कायदा बाजूला ठेवला तरी हे मांस खाण्याजोगे नसते. धडकेने पोटातली आतडी फुटून घाण मांसात मिसळते. जनावर आधीपासून आजारी होते की नाही हे आपल्याला कळत नाही. शिवाय मेलेल्या जनावराचे अंग गार पडू लागले की गोचिडी त्याला सोडून जवळच्या उबदार अंगावर चढतात. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमुळेच पसरतो, आणि 2016 मध्ये तो आपल्या शेजारच्या दोडामार्ग भागातही आढळला होता. मी त्या दोघांना हे सारे समजावून सांगितले. ते रागावले, पण वनरक्षक येईपर्यंत माझ्याबरोबर उभे राहिले.

आजीची शिकार, बोकडाच्या मटणाची

माझी आजी शिकारीच्या मांसाला जी कृती वापरत असे, ती बोकडाच्या मटणाला उत्तम लागू पडते. सांबराच्या मांसात चरबी फार कमी आणि धागा जाड असल्याने ते मोठ्या आचेवर लाकडासारखे होते. म्हणून ती मंद आच, आंबट दही आणि भरपूर वेळ यांवर भर देई. बोकडाच्या रानाचे, म्हणजे मागच्या मांडीचे, मटण त्याच गुणाचे असते.

एक किलो मटणाचे हाडासकट मोठे तुकडे करून घ्यावेत. त्यांना अर्धा चमचा हळद, मीठ, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण आणि तीन मोठे चमचे आंबट दही चोळून दोन तास ठेवावे. दोन कांदे उभे चिरून तेलावर काळपट तांबूस होईपर्यंत परतावेत. अर्धी वाटी सुके खोबरे, एक मोठा चमचा धणे, एक मोठा चमचा खसखस, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, पाच लवंगा, दालचिनीचा तुकडा, आठ मिरी आणि थोडे दगडफूल वेगवेगळे भाजून कांद्यासह बारीक वाटावे. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणा बेताचाच असतो. ज्यांना झणझणीत हवे त्यांनी दोन लवंगी मिरच्या वाढवाव्यात.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून एक बारीक चिरलेला कांदा परतावा, मटण घालावे आणि वरून खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. खाली मटण स्वतःच्या पाण्यात शिजत राहते आणि वरचे पाणी तापत राहते. रस कमी पडला की तेच गरम पाणी आत घालावे, गार पाणी घालू नये, त्याने मांस आखडते. पाऊण तासाने वाटण घालून चांगले परतावे आणि आणखी पाऊण तास ते एक तास अगदी मंद आचेवर ठेवावे. हाडाजवळचे चिवट पडदे मऊ व्हायला एवढा वेळ लागतोच, आणि कुकरच्या शिट्ट्यांनी हे काम लवकर होत असले तरी रस्सा तसा दाट व एकजीव होत नाही. शेवटी दोन आमसुले टाकून आच बंद करावी, अर्धा तास झाकून ठेवावे आणि मग गरम तांदळाच्या भाकरीबरोबर वाढावे.