गाडी गुणगुणतेय? गिअरबॉक्स खोलायच्या आधी एवढं करून पाहा

पन्नास-साठचा वेग आला की कुठूनतरी बारीक ‘ऊंऽऽ’ सुरू होतं. काच वर केली तरी ऐकू येतं, गाणी लावली तरी मधूनच कानात शिरतं. माझ्या गाडीत हे झालं तेव्हा मेकॅनिकने एका फेरीत निदान केलं, “गिअरबॉक्स खोलावा लागेल.” मी खोलू दिला. दोन दिवस गेले, नवी बेअरिंगं पडली आणि गाडी तीच गुणगुण घेऊन घरी आली. दोष मागच्या टायरांचा होता. तेव्हापासून कुणाला पाना लावू देण्याआधी मी स्वतः अर्धा तास गाडी चालवून बघतो.

आधी दोन गोष्टी बाजूला काढा. रिव्हर्समध्ये येणारा चिरका आवाज हा बहुतेक मॅन्युअल गाड्यांचा स्वभावच आहे. पुढच्या गिअरांचे दात तिरके कापलेले असतात म्हणून ते शांत चालतात, रिव्हर्सचे बहुधा सरळ असतात. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडीतली हलकी शिटीही बरेचदा जन्मापासूनची असते. प्रश्न नव्याने आलेल्या किंवा वाढत चाललेल्या आवाजाचा आहे.

पहिली चाचणी उभ्या गाडीत. हँडब्रेक लावा, न्यूट्रल ठेवा आणि हळूहळू रेस द्या. आवाज इथेच आला तर चाकं, अ‍ॅक्सल, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच) यांचा संबंध संपला. स्टिअरिंग वळवताना वाढत असेल आणि गाडीत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल, तर त्याच्या ऑइलची पातळी पाहा. मग क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग संशयित. उलट, दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग. दोन्ही वेळा काहीच फरक नाही? मग बेल्ट, अल्टरनेटर, वॉटर पंप अशी इंजिनाच्या पुढची मंडळी तपासा.

उभ्या गाडीत शांतता असेल तर रस्त्यावर चला. सोबत कुणीतरी घ्या, कारण आवाज पुढून येतो की मागून हे मागच्या सीटवर बसलेल्याला जास्त नीट कळतं. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५० चा वेग धरा, आधी तिसऱ्या गिअरमध्ये, मग तोच वेग ठेवून चौथ्यात. इंजिनाच्या फेऱ्या कमी झाल्या, चाकांच्या तेवढ्याच राहिल्या. आवाजाची पट्टी खाली आली तर दोष इंजिनाकडे किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या भागात. पट्टी जराही हलली नाही तर टायर, चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शियल. एकाच ठरावीक गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्याच गिअरची जोडी झिजलेली असणार.

त्याच रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या. इंजिन मात्र चालूच ठेवा. ते बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. उतारावर किंवा घाटात हा प्रयोग अजिबात नको. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर बहुधा टायर किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांतला फरक रस्ता सांगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरलात आणि सूर बदलला, तर टायर. टायरवरून हात दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर झीज वाकडी आहे. पुढची-मागची चाकं बदलून पाहा, आवाजही जागा बदलेल.

रस्ता बदलूनही फरक पडला नाही तर लांबट वळण घ्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा वाढणारा आवाज बहुधा डाव्या बाजूच्या बेअरिंगचा असतो. खात्री करायची तर गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर विसंबू नका), एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खळखळलं तर ती गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नका.

बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियलचा हिशेब वेगळा. तिथे पिनियन (मोठ्या क्राउन गिअरला फिरवणारा छोटा गिअर) गाडीच्या चाकाच्या साधारण चौपट फिरतं, त्यामुळे सूर बेअरिंगच्या घरघरीपेक्षा बारीक असतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रडायचं आणि पाय काढला की गप्प, किंवा याच्या बरोबर उलट, असं असेल तर क्राउन-पिनियनचे दात एकमेकांना नीट लागत नाहीत. दाबा वा सोडा, सारखाच आवाज असेल तर आतली बेअरिंगं.

गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलचं हौसिंग (बाहेरचं आवरण) उतरवण्याआधी त्यातलं ऑइल पाहा. गाडी सपाट जागी हवी. ऑइल भरायचा वरचा बोल्ट आधी सैल करा, ऑइल काढायचा खालचा नंतर. खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकते. पातळी साधारण भरायच्या भोकाच्या काठापर्यंत हवी. चुंबकाच्या बोल्टवर करडा लगदा चालतो, धातूचे तुकडे चालत नाहीत. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डिफरन्शियलचं जीएल-५ ग्रेडचं ऑइल जीएल-४ ग्रेड मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं तर त्यातल्या काही रसायनांनी पितळी सिंक्रोनायझर (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजू शकतात.

एवढं झालं की कागदावर लिहा, “५० ला सुरू होतो, गिअर बदलला तरी सूर तोच, न्यूट्रलमध्येही येतो, उजव्या वळणावर वाढतो.” हे वाचून मेकॅनिक गिअरबॉक्सकडे फिरकणार नाही, डाव्या चाकांचे नट सैल करायला घेईल.