घानातल्या कुमासीला निघताय? काळे कपडे भरा

पासपोर्ट, व्हिसा, मलेरियाच्या गोळ्या हे तुम्हाला ठाऊकच आहे. पीतज्वराची लस मात्र निघायच्या 10 दिवस आधी टोचून घ्या, लसीचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्ड त्यानंतरच चालतं. जानेवारीत जाणार असाल तर व्हॅसलीन न्या. सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा वारा सुटतो, ओठ फुटतात, दुपारचं ऊनही धुळीनं मातकट दिसतं.

आता काळे कपडे. सदरा आणि पँट, दोन्ही काळे. कुमासी ज्या अशांती मुलखात आहे तिथे शनिवार अंत्यविधींचा, आणि नुसत्या ओळखीच्या माणसालाही आवर्जून बोलावतात. मागच्या खेपेला सहकाऱ्याचा धाकटा भाऊ गेला. आपल्या रीतीप्रमाणे मी पांढरा सदरा घालून गेलो. मांडवात सगळे काळ्या-लाल कापडात. तिथे पांढरं घालतात ते पिकलं पान गळाल्यावर, भरलेल्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायला. पंचविशीतल्या पोराच्या आईपुढे मी पांढऱ्यात उभा होतो. तिनं माझा हात धरला, सदऱ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. अजून तो हात आठवतो. म्हणून सांगतो, काळं न्या. ‘तिकडे घेऊ’ म्हणू नका. मला निरोप शुक्रवारी रात्री मिळाला होता.

रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवायचा, उजवीकडून सुरुवात करून. डावा हात पुढे करायचा नाही, अजिबात नाही. पाकिटात थोडे सेडी, म्हणजे घानाचं चलन, ठेवा: दुखवट्याची रक्कम टेबलावर लिहून घेतात, नाव माइकवरून पुकारतात.

थोडा इतिहासही वाचून जा. अशांतींचं सुवर्णासन म्हणजे त्यांच्या सगळ्या लोकांचा आत्मा. त्यावर राजाही बसत नाही. 1900 साली ब्रिटिश गव्हर्नर हॉजसननं ते स्वतःला बसायला मागितलं आणि एजिसूची राजमाता ‘याआ असांतेवा’ लढाईला उभी राहिली. तेव्हा ‘ते आसन बघायला मिळेल का’ असं सहज विचारू नका. न्टोन्सो गावात भोपळ्याच्या कवटीचे ठसे झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात बुडवून ॲडिंक्रा कापड छापतात. तेही मूळचं शोकाचंच वस्त्र, रंग नीट विचारून घ्या.

केंटे या हातमागाच्या रंगीत कापडासाठी बोनवायर गाव. किनाऱ्यावरचे एल्मिनाचा 1482 चा किल्ला आणि केप कोस्टचा किल्ला, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. गुलामांच्या कोठड्यांतून बाहेर आल्यावर लगेच दुसरीकडे जाववत नाही. बाकी टोपी, पाणी, चार्जर.

आणि काळा सदरा बॅगेत सगळ्यात वर ठेवा.