अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट कसा पारखावा

अ‍ॅलर्जीसाठीची रक्ततपासणी आता बहुतेक मोठ्या लॅबमध्ये स्वयंचलित यंत्रांवर होते. ठरावीक पदार्थातील प्रथिनांवर रुग्णाचे सीरम (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) सोडले जाते आणि त्यांना चिकटलेली आयजीई (IgE) ही अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडे प्रकाशाच्या तीव्रतेवरून मोजली जातात. हे मोजमाप नेमके असले तरी यंत्र मोजते ती शरीराची संवेदनशीलता. तो पदार्थ पोटात किंवा श्वासात गेल्यावर त्रास होतोच का, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. म्हणून तपासणीपूर्वीच काय खाल्ले, किती वेळाने काय झाले आणि असे पूर्वी कधी घडले होते का, हे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने संशय असलेल्या पदार्थांचीच तपासणी करावी. शंभरेक पदार्थांचे पॅकेज मोठे दिसते, पण लक्षणे नसताना केलेल्या तपासणीत खोटे धागेदोरेच अधिक सापडतात.

रिपोर्ट हाती आल्यावर नेमके काय मोजले आहे, हे आधी पाहावे. एकूण आयजीई जंतांमुळे किंवा एक्झिमामुळेही वाढते, त्यामुळे केवळ त्यावरून निदान होत नाही. पदार्थाच्या नावासमोर आयजीजी किंवा आयजीजी४ लिहिले असेल, तर तो रिपोर्ट अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी बाजूलाच ठेवावा. ती प्रतिपिंडे पदार्थ खाण्यात असल्याची खूण असतात आणि युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच अशा तपासण्यांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे.

विशिष्ट आयजीईसाठी, म्हणजे एकाच पदार्थाविरुद्धच्या आयजीईसाठी, ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर ही रूढ सीमा आहे, तर आधुनिक यंत्रे ०.१ पर्यंतचे प्रमाण मोजतात. रिपोर्टमध्ये दिलेल्या शून्य ते सहा या श्रेणीपेक्षा मूळ आकडा पाहावा, कारण आकडा जितका मोठा तितकी अ‍ॅलर्जी खरी असण्याची शक्यता अधिक. मात्र पुढची रिअ‍ॅक्शन किती तीव्र असेल, हे त्यावरून सांगता येत नाही.

सर्वाधिक फसगत होते ती साधर्म्यामुळे. घरातील धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन हे मिळतेजुळते प्रथिन असते; साहजिकच धुळीने शिंका येणाऱ्या, पण आयुष्यभर कोळंबीचे कालवण आनंदाने खाणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्येही कोळंबी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि अशा वेळी केवळ कागदावर विसंबून ती सोडण्याचे कारण नसते. शेंगदाण्याचेही तसेच आहे. परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे तो पॉझिटिव्ह आल्याची शंका असेल, तर शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी ओळखायला आरा एच २ (Ara h 2) या शेंगदाण्यातील घटक-प्रथिनाची स्वतंत्र तपासणी उपयोगी पडते. दाण्याचे कूट रोजच्या स्वयंपाकात असलेल्या घरात हा फरक किरकोळ नव्हे.

निगेटिव्ह रिपोर्टही अंतिम मानू नये. तीव्र रिअ‍ॅक्शननंतर लगेच घेतलेल्या रक्तात प्रमाण तात्पुरते कमी दिसू शकते. लक्षणे ठळक असतील तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे किंवा त्वचेवरील प्रिक टेस्ट (त्वचेला पदार्थाचा थेंब लावून हलकेच टोचण्याची चाचणी) करावी. प्रिक टेस्टपूर्वी अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीची लक्षणे दाबणारे औषध) काही दिवस बंद ठेवावे लागते, रक्ततपासणीसाठी नाही, ही रक्ततपासणीची मोठी सोय. रिपोर्ट आणि अनुभव जुळतच नसतील, तर तो पदार्थ रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडाथोडा खाऊन पाहणे हीच निर्णायक चाचणी असते. ती घरी कधीही करू नये.

रिपोर्टवर तपासणीची पद्धत लिहिलेली नसेल तर लॅबला विचारून घ्यावी. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत, तेव्हा मुलाची दुधाची अ‍ॅलर्जी ओसरते आहे का, हे पाहण्यासाठी पुढची तपासणीही त्याच पद्धतीने करून घ्यावी.