पायाळू बाळ, खुबा आणि सोनोग्राफी

रेडिओलॉजी करून सिंधुदुर्गात पहिली नोकरी धरली, त्याच महिन्यात सहा आठवड्यांची एक मुलगी तपासायला आली. जन्म पायाळू. पायाळू म्हटलं की आपल्याकडे पावसाळ्यातली वीज आठवते. आपल्या कामात नव्याने येणाऱ्याला आधी खुबा आठवायला हवा. घरात कुणाचा खुबा जन्मतः सरकलेला असेल, तरीही तसंच.

मी मोजलेला अल्फा कोन (खुब्याच्या वाटीच्या छताचा उतार सांगणारा) ५४ आला. ६० च्या खाली, म्हणजे अपरिपक्व खुबा. वरिष्ठ मॅडमनी स्क्रीन बघून एवढंच विचारलं, "इलियमचं खालचं टोक कुठाय?" इलियम म्हणजे कमरेचं पसरट हाड; त्याचं टोक दिसतच नव्हतं. सोनोग्राफीचा प्रोब तिरका धरला होता. नीट धरल्यावर कोन ६२ आला.

ग्राफ यांनी १९८० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत तीन खुणा हव्यात: इलियमचं खालचं टोक, त्याचीच वरची सरळ रेघ आणि लॅब्रम, म्हणजे वाटीच्या काठाची कूर्चा. एक जरी नसली तर कोन मोजू नका. अपवाद फक्त निखळलेल्या खुब्याचा, कारण तिथे मांडीच्या हाडाचं डोकं सोनोग्राफीच्या प्रतलात राहतच नाही.

रडणाऱ्या बाळात या खुणा सापडत नाहीत. म्हणून दूध पाजून घ्या, जेल कोमट पाण्यात ठेवा, बाळाला कुशीवर निजवा, आई डोक्याशी उभी राहू दे. "माझ्या नातीक दुखतला काय?" असं आजी विचारतेच. तिला उत्तर द्या आणि त्याच दमात सांगा की दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. कडेवर घेतल्यावर पाय फाकतात, ते मात्र खुब्याला चांगलंच.

चार ते सहा महिन्यांत मांडीच्या हाडाच्या डोक्यात हाडाचं केंद्र दिसू लागतं. त्यापुढे एक्स-रे जास्त कामाचा.

मोठ्या मुलांबद्दल एवढंच: गुडघा दुखतो म्हणून आलेल्या, लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही बघा. चार ते आठ वर्षांत पर्थेस (मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होणं), दहा-बारानंतर ते डोकं घसरणं, ही दुखणी गुडघ्यात बोलतात. डोकं घसरल्याची शंका असेल आणि मुलाला पाय टेकवतच नसेल, तर फोटोसाठी पाय जबरदस्तीने फाकवू नका.

ताप आहे, मूल पाय टेकवत नाही आणि सांध्यात पाणी दिसतंय, तर ते पाणी पू आहे की साधं, हे सोनोग्राफी सांगत नाही. सुईने काढूनच कळतं. पालकांना शेवटची एसटी गाठायची असते. त्यांना थांबवा, आणि ऑर्थोपेडिकला फोन स्वतः करा.