कॅनडासाठी पत्नीची स्पॉन्सरशिप: फॉर्मच्या आधी नाव आणि तारीख जुळवा

मुलगा कॅनडात, लग्न इकडे लातूरला किंवा जालन्याला लागलेलं आणि आता सुनेची फाईल लावायची आहे. अशा घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "आधी आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडे सासरचं नाव लावून घ्या, मग बघू." हा सल्ला मानू नका. फाईल अडते ती बहुतेक इथंच. का, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सगळ्यात आधी नवऱ्याची पात्रता बघा. तो पीआर (कॅनडाचा कायमचा रहिवासी, पण नागरिक नाही) असेल तर त्याने कॅनडातच राहत असलं पाहिजे. नागरिक असेल तर बाहेरूनही अर्ज करता येतो, पण पत्नीला पीआर मिळाल्यावर कॅनडात परत राहायला जाणार, हे दाखवावं लागतं. तो स्वतः कुणाचा तरी जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन गेला असेल, तर पीआर झाल्यापासून ५ वर्षं त्याला दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. एकट्या पत्नीसाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, मात्र ३ वर्षं तिचा खर्च उचलण्याचं बंधन असतं. क्वेबेकमध्ये राहणाऱ्यांना त्या प्रांताची वेगळी प्रक्रिया करावी लागते.

एक गोष्ट लपवू नका. नवऱ्याचं लग्न पीआर म्हणून उतरण्याआधी झालेलं असेल आणि त्याने तिथं "अविवाहित" सांगितलं असेल, तर नियमानुसार ती पत्नी फॅमिली क्लासमधून, म्हणजे घरच्यांना स्पॉन्सर करून नेण्याच्या वर्गातून, वगळली जाते. अशा वेळी स्वतः फॉर्म भरत बसू नका, कॅनडातल्या परवानाधारक वकिलाकडे जा.

आता विवाह प्रमाणपत्र. मंगल कार्यालयाची पावती, भटजींचं पत्र किंवा नुसता निकाहनामा एवढ्यावर भागवू नका, सरकारी नोंदणी करून घ्या. लग्न जिथं लागलं तिथल्या ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत किंवा महापालिकेत १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली ती होते. तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते.

इथं एक चूक फार होते. "कागद लवकर तयार होतील" म्हणून विधी होण्याआधीच याच कायद्याखाली नोंदणी उरकतात, आणि लग्नाचा बार चार महिन्यांनी उडवतात. हा कायदा लागून गेलेल्या लग्नाची नोंद करतो. न झालेल्या लग्नाची तारीख त्यात टाकणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि नंतर लग्नपत्रिका, फोटो, हॉलची पावती हे सगळे पुरावे त्या तारखेच्या विरोधात उभे राहतात. आधी कागद हवेच असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, ३० दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करा आणि विधी नंतर करा. मग फॉर्ममध्ये दोन्ही तारखा सरळ लिहा: कायदेशीर लग्न या दिवशी, विधी त्या दिवशी. आणि नवऱ्याला सुट्टी नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर लग्न लावायचा विचारही नको. जोडीदार प्रत्यक्ष हजर नसलेलं लग्न ११ जून २०१५ पासून या अर्जासाठी कॅनडा मानत नाही.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे मुलीच्या नावाची एका पिढीत तीन रूपं होतात. शाळेच्या टीसीवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर आधारावर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात, तेच पत्रिकेत आणि रेशनकार्डात चढतं. दिल्लीत किंवा ओटावात बसलेल्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं दिसतात. आपली पद्धत त्याला माहीत असेलच असं धरून चालू नका.

म्हणून नियम एकच ठेवा: अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच भरायचा, आणि अर्ज दाखल करून निकाल लागेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलायचं नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी अट कॅनडाची नाही, भारताचीही नाही. फाईल मध्यावर असताना नाव बदललं की नवा पासपोर्ट, आधीच घेतलेला पोलीस दाखला, मेडिकल या सगळ्यांचा मेळ पुन्हा घालावा लागतो.

नाव आधीच बदलून झालं असेल तर घाबरायचं कारण नाही, साखळी दाखवा. माहेरच्या नावाची टीसी किंवा पदवी, मग दोन्ही नावं जोडणारं विवाह प्रमाणपत्र, मग नवा पासपोर्ट. यासाठी प्रमाणपत्रावर वधूचं लग्नापूर्वीचं पूर्ण नाव असलंच पाहिजे. ते नोंदणीच्या टेबलावरच तपासा, घरी येऊन नाही. पहिलं नावही बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत जोडा. आयएमएम ०००८ या मुख्य अर्जात "इतर नावं" विचारतात, तिथं प्रत्येक रूप लिहा, टोपणनाव कागदावर आलं असेल तर तेही. तिथं "नाही" लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

स्पेलिंगही पहा. वाघमारे, व्यवहारे, वैष्णवी यांत एका कागदावर डब्ल्यू आणि दुसऱ्यावर व्ही असतं. पासपोर्टचं स्पेलिंग प्रमाण धरा, भाषांतरातही तेच वापरा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून सगळं नाव "गिव्हन नेम"मध्ये असेल, तर कॅनडाच्या फॉर्ममध्ये ते सगळं आडनावाच्या रकान्यात जातं आणि दुसरा रकाना रिकामा राहतो. अंदाजाने तोडू नका.

गावाच्या नावाचंही असंच. हिंगोली जिल्हा १९९९ ला परभणीतून निघाला, त्याआधीच्या जन्मदाखल्यावर जिल्हा परभणीच असणार. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जन्मस्थळ पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, आणि अर्जासोबत जोडायच्या खुलाशाच्या पत्रात एक ओळ टाका की दोन्ही नावं एकाच ठिकाणची आहेत.

हे पत्र एका पानाचं ठेवा. त्यात १ जूनचाही खुलासा करा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून ही तारीख आई, वडील, काका सगळ्यांची असते, आणि कधीकधी सख्ख्या भावंडांच्या जन्मात सहाच महिन्यांचं अंतर निघतं. आयएमएम ५४०६ या कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्ममध्ये सगळी भावंडं लिहायची असतात, वारलेलीही. तिथं हे अंतर उघडं पडतं. तारखा बदलू नका, कारण सांगा.

आयएमएम ५५३२ हा नात्याच्या माहितीचा फॉर्म नवरा-बायकोने समोरासमोर किंवा फोनवर एकत्र बसून भरा. ठरवून झालेलं लग्न ही अडचण नाही, मोघम उत्तरं ही अडचण आहे. सोयरीक कुणी आणली, त्याचं दोन्ही घरांशी नातं काय, मुलगी बघायला कोण कोण आलं, सुपारी कधी फुटली, साखरपुडा कुठं झाला, दोघं एकटे पहिल्यांदा कधी बोलले, हे सगळं तारखांसह लिहा. पत्रिका जोडा. फोटो २० च्या आत ठेवा. निम्मे तरी हळद, पाहुणे, दोन्हीकडचे आईवडील यांचे असू द्या, नुसते स्टेजवरचे नकोत. चॅटची पानं १० पुरतात, पण ती पहिल्या महिन्यापासून आजपर्यंत पसरलेली हवीत. एकाच आठवड्याच्या गप्पांनी काही सिद्ध होत नाही.

आयएमएम ५६६९ या पूर्वेतिहासाच्या फॉर्ममध्ये गेल्या १० वर्षांचा महिनावार हिशोब लागतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाची दोन वर्षं, घरकाम, शेतातलं काम, सगळं लिहा. एक महिनाही मोकळा ठेवू नका. पत्ते लिहिताना होस्टेल आणि भाड्याची खोलीही धरा.

आयएमएम १३४४ या स्पॉन्सरशिपच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. पीडीएफ फॉर्म ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, संगणकावरच्या अडोबी रीडरमध्ये उघडा. नेटकॅफेवाल्याला "तूच भरून टाक" म्हणू नका.

मराठी, उर्दू कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग वहिनी इंग्रजीच्या प्राध्यापक असल्या तरी. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्र आणि त्याने ज्यावरून भाषांतर केलं त्या कागदाची साक्षांकित प्रत जोडा.

पोलीस दाखला (पोलीस क्लिअरन्स) पासपोर्ट सेवेतून, आणि सगळ्यात शेवटी काढा. अर्ज दाखल होताना तो ६ महिन्यांपेक्षा जुना नसावा. ती सासरी राहत असेल तर सध्याचा पत्ता सासरचाच द्या, नाहीतर चौकशीला पोलीस माहेरच्या दारात जातात. सिव्हिल सर्जनचा दाखला मेडिकलला चालत नाही, कॅनडाने नेमलेलेच डॉक्टर लागतात. बायोमेट्रिक्ससाठी (बोटांचे ठसे आणि फोटो) मुंबई, पुणे किंवा हैदराबाद. नांदेडकरांना हैदराबाद सोयीचं.

अर्ज चालू असताना मूल झालं, पत्ता बदलला किंवा नवा पासपोर्ट आला तर त्याच आठवड्यात कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवरच्या वेबफॉर्मने कळवा. मुलाच्या बाबतीत उशीर अजिबात नको: पत्नी कॅनडात उतरण्याआधी मुलाचं नाव फाईलमध्ये आलं नाही, तर पुढं त्याला आणताना तोच वगळण्याचा नियम आडवा येतो.