मांगरात स्टुडिओ करताय? आधी ओल बघा

घरामागच्या पडक्या मांगरात, म्हणजे शेतीचं सामान ठेवायच्या खोपटात, रेकॉर्डिंगची खोली करायची असेल तर फोम आणायची घाई करू नका. आधी एक पावसाळा त्या भिंती बघा. जांभ्या दगडाचा चिरा सच्छिद्र असतो, जोत्यातून ओल वर चढते. आमच्याकडे जुलैत कंबरेपर्यंत भिंत काळवंडली आणि कोपऱ्यातल्या तबल्याच्या पुडीवर पांढरी बुरशी धरली. फार वाईट वाटलं. त्यामुळे पहिला खर्च बाहेर करा: पाणी निघून जायला चर, पागोळ्या जोत्यापासून लांब. आतून सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा द्या, म्हणजे भिंत सुकत राहते.

आवाज मात्र कौलांच्या फटींतूनच जास्त जातो, आणि पावसाचा ताशा माईकमध्ये येतो तोही तिथूनच. कौलांखाली मोकळी जागा सोडून सिमेंट बोर्डचं दुहेरी छत करा, त्यावर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज अडवत नाही. सांगाडा लाकडी नको, वाळवी सोडत नाही. लोखंडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) चॅनल घ्या. खोली बंद झाली की डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मिक्सर जोडण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.