गर्भारपणातील झिका-डेंगीची तपासणी: प्रयोगशाळेत या चुका टाळा

गर्भवतीच्या नमुन्यात झिका किंवा डेंगीचा विषाणू शोधताना बहुतेक चुका, नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. ताप किंवा पुरळ कोणत्या दिवशी सुरू झाले, नमुना कधी घेतला आणि तेव्हा गर्भारपणाचा कितवा आठवडा होता, या तीन नोंदी अर्जावर नसतील तर अहवालातल्या ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ उरत नाही. झिकाची लागण झालेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये लक्षणे दिसतच नाहीत. अशा वेळी ‘लक्षणे नाहीत’ असे स्पष्ट लिहावे. रकाना कोरा सोडला, तर लक्षणे नव्हती की विचारायचे राहून गेले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

फक्त रक्त पाठवणे ही नेहमीची चूक आहे. झिकाचा आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) रक्तात साधारण पहिल्या आठवड्यात सापडतो, लघवीत बऱ्याचदा त्याहून अधिक दिवस. म्हणून दोन्ही नमुने एकाच दिवशी घ्यावेत. उशिरा घेतलेल्या नमुन्याची आरटी-पीसीआर (हा आरएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून ‘लागण झाली नव्हती’ असे कळवू नये. उलट, काही गर्भवतींच्या रक्तात हा आरएनए कित्येक आठवडे टिकल्याचे आढळले आहे, त्यामुळे पॉझिटिव्ह निकाल म्हणजे ताजीच लागण, असेही धरून चालत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आयजीएम चाचणीत, म्हणजे लागणीनंतर शरीर सुरुवातीला तयार करते ती प्रतिपिंडे (विषाणूविरुद्धची प्रथिने) शोधणाऱ्या चाचणीत, आणि त्याची किंमत त्या स्त्रीला मोजावी लागते. झिका आणि डेंगी हे दोन्ही फ्लेव्हिव्हायरस, म्हणजे एकाच कुळातले विषाणू असल्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही उमटतात. पीतज्वर किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तरी हा घोळ होऊ शकतो. शिवाय झिकाचे आयजीएम काही महिने रक्तात राहते. बाराव्या आठवड्यात ते सापडले, तर लागण गर्भधारणेपूर्वीचीही असू शकते, आणि हे न सांगता दिलेला अहवाल एखाद्या कुटुंबाला न परतवता येणाऱ्या निर्णयापर्यंत नेऊ शकतो. पडताळणीसाठी पीआरएनटी (प्रतिपिंडे विषाणूला किती रोखतात हे पाहणारी चाचणी) करतात: सीरमची (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची) वेगवेगळी विरलने जिवंत विषाणूत मिसळून पेशींच्या थरावर घालतात आणि विषाणूने पाडलेले ठिपके मोजतात. पूर्वी डेंगी होऊन गेला असेल तर ही चाचणीही दोघांना नीट वेगळे करू शकत नाही. तेव्हा ‘फ्लेव्हिव्हायरसची लागण, नेमका विषाणू सांगता येत नाही’ असेच लिहावे. मला तर हे वाक्य लिहिण्याची तयारी असणे हीच चांगल्या प्रयोगशाळेची खूण वाटते. चिकुनगुनिया वेगळ्या कुळातला आहे, पण तोही एडिस डासच पसरवतो, म्हणून त्याची चाचणी वगळू नये.

साठवणुकीबाबत थोडक्यात: हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतले रक्त पीसीआरला देऊ नये, कारण हेपरिनमुळे ती अभिक्रिया अडते. सीरम पहिल्याच दिवशी लहान ॲलिकोटमध्ये (एका चाचणीपुरत्या कुप्यांत) वाटून उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावे, म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी तीच कुपी वितळवावी लागत नाही. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर यासाठी चालत नाही, कारण त्याचे तापमान मधूनमधून वाढते. मी एकदा डीप फ्रीझरमधून पेटी काढली, तेव्हा साध्या कागदाची लेबले गळून तळाशी पडलेली होती आणि कुप्यांवर साध्या पेनाने लिहिलेले क्रमांक पुसले गेले होते. प्रसूतीच्या दिवशी घेतलेले ते नमुने पुन्हा मिळणे शक्य नव्हते. तेव्हापासून थंडीत टिकणारे लेबल लावल्याशिवाय मी कुपी आत ठेवत नाही.

प्रसूतीच्या वेळी केवळ नाळेतल्या रक्तावर विसंबू नये. त्यात आईचे रक्त मिसळू शकते. आईचे आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) वारेतून बाळाकडे जातेच, त्यामुळे बाळाच्या रक्तातले आयजीजी हा त्याला लागण झाल्याचा पुरावा ठरत नाही. बाळाचे स्वतःचे सीरम आणि लघवी शक्यतो पहिल्या दोन दिवसांत घ्यावी. वार अख्खी फॉर्मॅलिनमध्ये बुडवली की तिच्यातला आरएनए खराब होऊ लागतो. म्हणून काही तुकडे ताजे असतानाच गोठवावेत, काही फॉर्मॅलिनमध्ये घालावेत आणि प्रत्येक डबीवर तुकडा आईच्या बाजूचा आहे की बाळाच्या, हे तिथल्या तिथे लिहावे.